मुठीची हद्द

पिस्टल ग्रिप हेड म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावर बसणारी, पिस्तुलाच्या मुठीच्या घडणीची पकड. तिच्या पोटात धातूचा एक गोळा असतो आणि बोटांखाली एक चाप. चाप दाबला की गोळा मोकळा होतो आणि वर बसवलेला कॅमेरा हव्या त्या दिशेला वळतो. बोटे सैल सोडली की सगळे जागच्या जागी जखडते. स्क्रू आवळणे नाही, वेगवेगळ्या दांड्या फिरवणे नाही. दिशा ठरवणे आणि ती पक्की करणे ही दोन्ही कामे एकाच हाताच्या एकाच हालचालीत उरकतात. मॅन्फ्रॉटोची २२२, ३२२आरसी२, ३२४आरसी२ आणि ३२७आरसी२ ही हेडे, तसेच व्हॅनगार्डची जीएच मालिका याच घराण्यातली. ज्याने एकदा ती मूठ हातात घेतली, त्याला साधे बॉल हेड काही काळ तरी संथ वाटते. मात्र ही चपळाई फुकट मिळत नाही. मूठ किती वळते, कुठे अडते आणि कुठे पोहोचूनही टिकत नाही हे समजून घेतले, तरच तिच्याकडून नीट काम होते.

हे समजून घ्यायला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका सोयीचा मुलूख क्वचितच मिळेल. कासच्या सड्यावरची बोटभर उंचीची फुले, लिंबची खोल विहीर, ठोसेघरचा उंच धबधबा, मायणीच्या तळ्यावरचे पक्षी, सांगलीचा आयर्विन पूल, मिरजेच्या कारागिरांचे तंबोरे; शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेऱ्याला खाली, वर, आडवे, उभे, स्थिर आणि फिरते असे सगळेच करावे लागते. प्रत्येक ठिकाणी मुठीची एकेक मर्यादा उघडी पडते.

पहिली मर्यादा भूमितीची आहे. पिस्टल ग्रिप हेडमधला सांधा शरीरशास्त्रातल्या उखळीच्या सांध्याच्या जातीचा, खांद्यासारखा. फरक इतकाच की साध्या बॉल हेडमध्ये उखळ खाली स्थिर असते आणि गोळा कॅमेऱ्याबरोबर फिरतो, तर मुठीच्या हेडमध्ये बहुधा गोळाच मानेसकट तळाला पक्का असतो आणि उखळ मुठीच्या पोटात बसून कॅमेऱ्याबरोबर फिरते. गोळा निसटू नये म्हणून उखळीच्या काठाला गोळ्याच्या रुंदात रुंद भागाच्या पलीकडून त्याला कवेत घ्यावे लागते. त्यामुळे उखळीचे तोंड गोळ्याच्या व्यासापेक्षा नेहमीच लहान राहते. मूठ कलवत नेली की एका क्षणी हा काठ गोळ्याच्या मानेवर येऊन टेकतो आणि हालचाल तिथेच संपते.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. गोळ्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि मानेची जाडी २० मिलिमीटर धरली, तर गोळ्याच्या केंद्रातून पाहताना मान मध्यरेषेपासून ३० अंशांपर्यंतची जागा अडवते. उखळीचा काठ ६५ अंशांवर असेल, तर मुठीला कलायला उरतात ते फक्त ३५ अंश. जास्त कल हवा असेल तर मान बारीक करावी लागेल, म्हणजे ती लवचिक आणि कमकुवत होईल. गोळा मोठा करावा लागेल, म्हणजे हेड जड आणि महाग होईल. किंवा उखळ उथळ करावी लागेल, म्हणजे पकड कमी होईल. हेड घडवणारे यातले थोडे-थोडे सगळेच करतात आणि उरलेली अडचण एका खाचेने सोडवतात. उखळीच्या काठाला एका बाजूने खाच पाडलेली असते. मान त्या खाचेत शिरली की मूठ पार ९० अंशांपर्यंत आडवी होते. म्हणून या हेडांचे साधारण चित्र असे दिसते: एका बाजूला पूर्ण ९० अंश, बाकीच्या बाजूंना त्याहून बरेच कमी. नेमके अंश मॉडेलनुसार बदलतात, पण चारही बाजूंना सारखी मोकळीक सहसा मिळत नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीवर ही गोष्ट लगेच लक्षात येते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली ही अष्टकोनी विहीर वरून पाहिली की शिवलिंगाच्या आकाराची दिसते. तो आकार छायाचित्रात पकडायचा तर काठावरून कॅमेरा जवळजवळ सरळ खाली रोखावा लागतो. मूठ पुढे झुकवत नेली की ३०-४० अंशांवर काठ मानेला टेकतो. विहिरीचा पलीकडचा काठ आणि आकाशाचा तुकडा चौकटीत येतो, तळ येत नाही. खाच बाजूला आहे, पुढे नाही, हे इथे कळते. ज्या हेडांत कॅमेऱ्याची बैठक मुठीवर फिरवून बसवता येते, त्यांत ती ९० अंशांनी वळवून खाच पुढे आणायची. नाहीतर ट्रायपॉडचा पुढचा पाय किंचित आखडून सगळी बैठकच पुढे कलवायची. दुसरा उपाय धोक्याचा आहे, कारण आधीच पुढे गेलेले वजन त्याने आणखी पुढे जाते. अशा वेळी ट्रायपॉडचा एक पाय विहिरीच्या दिशेने रोवलेला असावा आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला असावा. कॅमेऱ्यापेक्षाही, तीनशे वर्षांच्या बांधकामावर आणि खाली उभ्या असलेल्या माणसांवर काही पडू नये, ही काळजी आधी घ्यायची.

दुसरी मर्यादा स्प्रिंगची आहे, आणि वापरणाऱ्यांच्या ती फारशी ध्यानात येत नाही. साध्या बॉल हेडमध्ये गोळा स्क्रूने आवळला जातो. स्क्रूच्या पेचामुळे बोटांचा थोडा जोर अनेक पटींनी वाढून गोळ्यावर पडतो, आणि एकदा आवळला की हात मोकळा. पिस्टल ग्रिपमध्ये गोळ्याला दाबून धरते ती स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग मागे सारते ते माणसाचे बोट, प्रत्येक वेळी, दिवसातून शेकडो वेळा. स्प्रिंग जितकी ताठ, तितकी पकड घट्ट. पण तितकाच चापही कडक. तरफेची लांबी वाढवून चाप हलका करता येतो, मात्र मग तो जास्त अंतर दाबावा लागतो आणि लहान हाताच्या माणसाची बोटे तिथवर पोहोचत नाहीत. थोडक्यात, या हेडची पकड माणसाच्या पंजाच्या ताकदीशी बांधलेली आहे. बहुतेक हेडांवर घर्षण कमी-जास्त करणारे एक चाक असते. त्याने पकडीचा ताण कॅमेऱ्याच्या वजनाला जुळवून घेता येतो. स्प्रिंगच्या कुवतीपलीकडे मात्र ते चाकही नेऊ शकत नाही.

त्यातच मुठीची उंची आड येते. उभ्या घडणीच्या हेडात गोळा तळाशी, त्यावर मूठ आणि मुठीच्या टोकाला कॅमेरा, अशी मांडणी असते. मूठ १२ सेंटीमीटर उंच आणि कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य त्याच्याही वर ६ सेंटीमीटर असेल, तर गोळ्याच्या केंद्रापासून वजन १८ सेंटीमीटरवर गेले. लेन्ससह कॅमेरा २ किलोचा धरला आणि मूठ ३० अंश कलवली, तर गोळ्यावर येणारे आघूर्ण, म्हणजे फिरवणारी ओढ, सुमारे पावणेदोन न्यूटन-मीटर होते. पूर्ण आडवी केली तर साडेतीन. हाच कॅमेरा ठेंगण्या बॉल हेडवर, गोळ्यापासून १० सेंटीमीटरवर बसवला तर हे आकडे अनुक्रमे एक आणि दोन न्यूटन-मीटर इतकेच राहतात. वजन तेच, कल तोच, पण ओढ पावणेदोन पट.

म्हणून कंपनीने छापलेला किलोंचा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. २२२ साठी २.५ किलो, ३२४आरसी२ साठी ३.५ किलो, ३२२आरसी२ साठी ५ किलो आणि ३२७आरसी२ साठी ५.५ किलो अशी क्षमता मॅन्फ्रॉटोने दिलेली आहे. हे आकडे खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. वजन गोळ्यापासून किती दूर आहे आणि मूठ किती कलली आहे, हे कळल्याशिवाय किलोंना अर्थ येत नाही. सरळ उभ्या मुठीवर ५ किलो सहज राहतील; तेच वजन आडव्या मुठीवर पुढे लांब लेन्स लावून ठेवले की गोळा हळूहळू घसरू लागतो. हेड निवडताना कॅमेऱ्याच्या वजनाच्या दुपटीची क्षमता धरावी, असा व्यवहार्य ठोकताळा या प्रकारासाठी योग्यच आहे. ३२२आरसी२ मध्ये मूठ बाजूला आडवी काढून कॅमेरा गोळ्याच्या जवळ आणलेला आहे. त्यामुळे ओढ कमी होते. ही घडण उभ्या मुठीपेक्षा निःसंशय शहाणपणाची.

ठोसेघरला याचा प्रत्यय येतो. पावसाळ्यात धबधब्याच्या समोरच्या बाजूने लांब लेन्सने पाण्याचा एखादा पदर टिपायचा आणि शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवायचे, म्हणजे पाणी रेशमी दिसते. चौकट नेमकी जुळते, बोटे सैल पडतात, आणि ती किंचित खाली सरकते. गोळा स्प्रिंगखाली बसताना, कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा रबर दबताना आणि मुठीचा धातू वाकताना मिळून कॅमेरा थोडासा झुकतो. हा झुकाव अंशाच्या पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे ०.२ अंश धरला, तरी २४ मिलिमीटर लेन्सवर तो दिसतही नाही: चौकटीच्या उंचीच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. २०० मिलिमीटरवर मात्र तो ३ टक्के होतो आणि ४०० मिलिमीटरवर ६. सरावलेले छायाचित्रकार चौकट हव्या त्या जागेच्या तितकीच वर धरून चाप सोडतात, म्हणजे ती खाली येऊन नेमकी बसते. हा अंदाज हाताला लागायला वेळ लागतो, आणि लेन्स बदलली की तो पुन्हा लावावा लागतो.

शिवाय वारा असतोच. ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्या परिसरातला वारा किती अखंड असतो ते त्यावरून कळावे. उंच मुठीवर बसलेला कॅमेरा वाऱ्याच्या झोताने जास्त हेलकावतो आणि हेलकावा शमायलाही जास्त वेळ लागतो. मधला दांडा पूर्ण खाली घ्यावा, पिशवी ट्रायपॉडच्या आकड्याला टांगावी पण ती स्वतः झुलणार नाही अशी जमिनीला टेकलेली असावी, आणि दोन झोतांमधल्या खंडात शटर उघडावे, हे तिथले साधे नियम.

तिसरी मर्यादा कलाची नाही, स्वातंत्र्याच्या अतिरेकाची आहे. चाप दाबला की कॅमेरा एकाच वेळी तिन्ही अक्षांभोवती मोकळा होतो: वर-खाली, डावी-उजवीकडे आणि स्वतःच्या अंगाभोवती. यातला एकच अक्ष मोकळा करायची सोय मुठीत नसते. क्षितिज अर्ध्या अंशाने तिरके दिसले आणि ते सुधारायला चाप दाबला, की क्षितिज सरळ होता होता चौकटीची डावी कड सरकते; ती जुळवली की वरचे झाड कापले जाते. तीन दांड्यांच्या जुन्या धाटणीच्या हेडमध्ये प्रत्येक अक्षाला वेगळी दांडी असते आणि एक हलवताना बाकीचे दोन गप्प राहतात. दात्यांच्या चाकांवर चालणाऱ्या गिअर हेडमध्ये तर अंशाच्या लहान भागाएवढी सुधारणाही शांतपणे करता येते. इमारती, पूल, मूर्ती, चित्रांच्या प्रती यांसाठी तीच हेडे योग्य.

सांगलीचा आयर्विन पूल हा या बाबतीत कडक परीक्षक. कृष्णेवरचा हा पूल १९२९ मध्ये खुला झाला. महापुराच्या दिवसांत सगळा जिल्हा त्याच्यापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या पातळीकडे कान लावून असतो. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पुलाच्या कमानी, कठड्याची सरळ रेषा आणि खाली पाण्याची रेषा, असे सगळेच आडवे एकमेकांना साक्षी असते. तिथे अर्ध्या अंशाचा तिरकेपणाही लपत नाही. संपूर्ण पूल घाटावरून एका रुंद चित्रात आणायचा तर अनेक चौकटी शेजारी-शेजारी घेऊन जोडाव्या लागतात, आणि कॅमेरा एका उभ्या अक्षाभोवती फिरवावा लागतो. मुठीने हे साधत नाही. चाप दाबून डावीकडून उजवीकडे नेताना हाताचा मार्ग नकळत कमानदार होतो आणि चित्रे जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर-खाली लागतात.

काही हेडांच्या तळाशी फिरती बैठक असते. तिने फक्त डावी-उजवीकडे वळवता येते, मूठ जखडलेलीच राहते. ही सोय नसलेल्या हेडावर रुंद चित्राचा हट्ट धरू नये. पण ती असली तरी एक सापळा उरतो. बैठक गोळ्याच्या खाली असल्यामुळे तिचा अक्ष ट्रायपॉडच्या कलाबरोबर कलतो. घाटाच्या पायरीवर ट्रायपॉड ५ अंश कललेला आहे, आणि मुठीने कॅमेरा मात्र पाणसळीवर अचूक सरळ केला आहे, असे धरू. पहिली चौकट निर्दोष येईल. बैठक ९० अंश फिरवली की क्षितिज ५ अंश तिरके होईल आणि कॅमेरा तितकाच वर किंवा खाली झुकेल. १८० अंशांवर तो १० अंशांनी चुकेल. गोळ्याने लपवलेला कल बैठक फिरताना बाहेर येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ट्रायपॉडचे पाय कमी-जास्त करून बैठक पाणसळीत आणायची, मग मूठ सरळ धरून कॅमेऱ्याचे क्षितिज तपासायचे, आणि त्यानंतरच फिरवायला घ्यायचे. घाटाच्या पायऱ्यांवर तीन पाय तीन उंचींवर येतात, तेव्हा यात पाच मिनिटे जातात. मुठीने वाचवलेला सगळा वेळ इथे परत द्यावा लागतो.

उभ्या चौकटीचा प्रश्न याहून नाजूक. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तंबोरा हा उंच, सडपातळ देहाचा. खाली भोपळ्याचा घेर, वर सरळ चढत गेलेली दांडी आणि टोकाला खुंट्या, असे त्याचे रूप पूर्ण दाखवायला चौकट उभीच हवी. मूठ खाचेत उतरवून ९० अंश आडवी केली की कॅमेरा उभा होतो खरा, पण लेन्सचा अक्ष १८ सेंटीमीटर बाजूला जातो आणि तितकाच खालीही येतो. आडव्या चौकटीत बारकाईने जुळवलेले सगळे मोडते. ट्रायपॉड उचलून पुन्हा मांडावा लागतो. सारे वजन तिवईच्या मध्यावरून एका बाजूला लोंबते, गोळ्यावर जास्तीत जास्त ओढ याच अवस्थेत येते, आणि क्षितिजाची बारीक सुधारणा करायला जागा उरत नाही, कारण मान खाचेच्या भिंतींत अडकलेली असते. ९० ऐवजी ९१ अंश हवे असतील तर ते मिळत नाहीत. तंबोऱ्याची दांडी चौकटीच्या कडेला समांतर आहे की नाही, हे डोळ्याला लगेच टोचते, आणि नेमका तोच एक अंश हेड देत नाही.

यावर चांगला उपाय हेडच्या बाहेर आहे. एल आकाराची प्लेट कॅमेऱ्याच्या तळाला आणि एका बाजूला लपेटून बसते. आडवी चौकट हवी तेव्हा तळाने, उभी हवी तेव्हा बाजूने कॅमेरा मुठीवर चढवायचा. मूठ दोन्ही वेळा सरळच राहते. लांब लेन्सला स्वतःची फिरती कॉलर असेल तर तिच्यातच कॅमेरा वळवावा. खाचेचा उपयोग घाईच्या प्रसंगापुरता ठेवावा. ज्यांच्या कामात उभ्या चौकटी निम्म्याहून जास्त असतात, त्यांनी एल प्लेट आधी घ्यावी आणि हेडचा विचार नंतर करावा.

हाताचीही स्वतःची हद्द असते. मनगट अंगठ्याच्या बाजूला साधारण २० अंश आणि करंगळीच्या बाजूला ३० अंश वाकते. त्यापलीकडे मूठ नेताना कोपर उचलावे लागते, खांदा वळवावा लागतो, किंवा चाप सोडून पकड बदलावी लागते. शटरचे बटण कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला असल्यामुळे मूठ डाव्या हातात असणे सोयीचे. काही हेडे दोन्ही हातांसाठी उलटवून बसवता येतात, तर व्हॅनगार्डच्या जीएच-३००टी मध्ये शटर सोडण्याचे बटण मुठीतच दिलेले आहे. खाच डावीकडे आणि मूठही डाव्या हातात असेल, तर उभ्या चौकटीत बोटे मूठ आणि ट्रायपॉडच्या पायाच्या बेचक्यात सापडतात. खरेदीपूर्वी हे दुकानातच करून पाहण्यासारखे आहे. जाहिरातीतल्या चित्रात ते दिसत नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा कासवर. साताऱ्यापासून २५ किलोमीटरवरचा हा जांभ्या दगडाचा सडा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ऑगस्टच्या अखेरीपासून सड्यावर मातीच्या पातळ थरात फुले उमलतात: सीतेची आसवं, तेरडा, कवला, गेंद, डबक्यांत वायतुरा, आणि ओलसर जागी चिकट थेंबांनी कीटक धरणारी दवबिंदू. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीची झुडपे सोडली, तर यांतली बरीच मंडळी गुडघ्याच्याही खाली असतात आणि त्यांचे एकेक फूल सेंटीमीटरभराचे. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर यायला हवी. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून सपाट केले, तरी त्यावर मुठीची १२ सेंटीमीटर उंची चढते. ती कमी करण्याचा मार्ग नाही. मूठ आडवी पाडली तर कॅमेरा खाली येतो, पण मग ती पायाला किंवा जमिनीला टेकते आणि चापापर्यंत बोटे शिरत नाहीत.

इथे मुठीचा मूळ दोष सगळ्यात स्पष्ट दिसतो. सीतेच्या आसवांचे एक जांभळे फूल मूळ आकाराएवढेच संवेदकावर उमटेल इतक्या जवळून घ्यायचे आहे. म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या संवेदकावर जगाचा ३६ बाय २४ मिलिमीटर एवढाच तुकडा येणार. लेन्सचा अक्ष गोळ्यापासून १८ सेंटीमीटर उंच. क्षितिज सरळ करण्यासाठी मूठ बाजूला फक्त १ अंश हलवली, तर लेन्स ३ मिलिमीटर सरकते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा बारावा हिस्सा. मूठ पुढे १ अंश झुकवली, तर लेन्स फुलाच्या दिशेने तितकीच जाते. आणि एफ-८ वर या आकारमानाला स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. पाकळीच्या कडेवर नेमका साधलेला फोकस पार निघून जातो. चौकट सुधारली की फोकस मोडतो, फोकस साधला की चौकट सरकते. कारण दोन्ही एकाच लांब दांड्याच्या टोकावर बसलेली आहेत. या कामाला मुठीखाली नाही, मुठीवर फोकसिंग रेल लावावी लागते, म्हणजे दिशा एकदा मुठीने ठरवून पुढचे सरकणे रेलवर करता येते. रेलने वजन आणि उंची आणखी वाढते, हेही खरे.

मधला दांडा उलटा घालून कॅमेरा ट्रायपॉडच्या पोटात लटकवणे हा एक विचार करण्याजोगा मार्ग. लटकलेल्या अवस्थेत गुरुत्वमध्य गोळ्याच्या खाली येतो. वजन कॅमेऱ्याला पाडण्याऐवजी सरळ धरून ठेवते, आणि स्प्रिंगवरचा ताण जवळपास नाहीसा होतो. मात्र कॅमेरा उलटा असतो, सगळी बटणे उफराटी, आणि तीन पायांच्या मधल्या बोळात हात घालून चाप दाबणे त्रासाचे. सड्यावर खरे तर धान्याची किंवा वाळूची छोटी पिशवी वाटेच्या कडेच्या उघड्या दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवणे पुष्कळदा बरे. ट्रायपॉडचे फाकवलेले पाय मीटरभर जागा खातात आणि कासवर तेवढ्या जागेत शेकडो रोपे असतात. ठरवून दिलेली वाट सोडून एका चौकटीसाठी पाय रोवणे, ही कोणत्याही हेडच्या मर्यादेपेक्षा गंभीर गोष्ट आहे. जिथे ट्रायपॉड मांडायला मोकळा दगड नाही, तिथले छायाचित्र घ्यायचे राहू द्यावे.

हलत्या विषयांबाबत थोडक्यात सांगता येते. मायणी आणि येरळवाडीच्या पाणथळींवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. उडत्या पक्ष्याचा माग काढताना चाप सतत दाबून धरावा लागतो. म्हणजे गोळा मोकळा आणि लांब लेन्सचे सगळे वजन मनगटावर. दोन-तीन मिनिटांत बोटे थकतात. गिंबल हेडमध्ये लेन्सचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावरच आणलेला असतो; आघूर्ण उरतच नाही आणि जड लेन्स एका बोटाने वळते. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या बगळ्यासाठी मात्र पिस्टल ग्रिप फार छान चालते. पक्षी दोन पावले सरकला की चाप, दिशा, सोड. इतक्यात काम होते. सागरेश्वरच्या अभयारण्यात झुडपांतून मान वर करून क्षणभर थबकणाऱ्या हरणांसाठीही तसेच. चलचित्रणाला ती मूठ घेऊ नये. वाईजवळच्या मेणवली घाटावर ‘स्वदेस’सारख्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे; तिथे पायऱ्यांवरून नदीपर्यंत कॅमेरा संथ वळवायला दाट तेलाच्या रोधावर चालणारे फ्लुइड हेडच लागते. मुठीची सुरुवातही झटक्याने होते आणि शेवटही.

उरते ती निगा. या हेडची सगळी भिस्त कोरड्या घर्षणावर असल्याने गोळ्यावर तेल किंवा ग्रीस घालणे म्हणजे पकड घालवणे. कासची तांबडी जांभ्याची माती आणि उसाच्या हंगामात रस्त्यांवर उडणारी धूळ उखळीच्या काठात साचली, की चाप दाबूनही मूठ अडखळत फिरते आणि सोडल्यावर दाणे चुरडत थोडी घसरते. ब्रशने धूळ झाडावी, कोरड्या मऊ कापडाने गोळ्याचा उघडा भाग पुसावा, आणि पावसात भिजलेले हेड पिशवीत कोंडून न ठेवता चाप दोन-चार वेळा दाबून सावलीत वाळू द्यावे. स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वापराने ढिली पडते. तसे झाले की आधी घर्षणाचे चाक आवळून पाहायचे, आणि ते शेवटपर्यंत आवळूनही फरक पडला नाही, तर हेड दुरुस्तीला द्यायचे.

पकडीची तपासणी घरच्या घरी होते. आपल्याकडची सगळ्यात जड लेन्स लावून मूठ ४५ अंशांवर कलवायची, समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर चौकटीचा मध्य आणायचा, चाप सोडायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. पहिल्या क्षणी थोडे खाली बसणे हा या हेडचा स्वभाव आहे. त्यानंतरही खूण वर-वर सरकत राहिली, तर त्या लेन्सचे वजन त्या मुठीला पेलत नाही.